केसाएवढी चीर

मामा: सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी गावाच्या त्या टोकाला एका छापखान्यात अडकलो होतो. मशीन पोटात कागद घेऊन बसलेलं, सोडून येता येईना. आता पाच मिनिटं दे, उघडतो आणि बघतो.

भाची: मामा, लेबलांचं मशीन नंतर. आधी माझा अंगठा बघा.

मामा: टोनर लागलाय. पुस की.

भाची: पुसू कशी? हे टिंब आहे.

मामा: कसलं टिंब?

भाची: औषधाच्या लेबलावरचं. शून्य, टिंब, पाच. म्हणजे अर्धी गोळी. मी वरून नुसता अंगठा फिरवला, तर टिंब अंगठ्यावर आलं आणि लेबलावर राहिलं शून्य पाच.

मामा: म्हणजे पाच.

भाची: म्हणजे पाच. अर्ध्याच्या जागी पाच. दसपट.

मामा: चिमणे, हळू बोल. खिडकीपलीकडे दवाखान्यातली माणसं बसलीयत.

भाची: मला हळू बोलता येत नाहीये. आवाज आपोआपच वर जातोय. आत्ता दहा मिनिटांपूर्वी एक म्हातारबाबा परत आले. हसत म्हणाले, "बाई, तीन वर्षं अर्धी घेत होतो, आज एकदम पाच? बढती झाली का माझी?" मी पण हसले, मामा. मग लेबल हातात घेतलं तर टिंबच गायब, म्हणून तेच पुन्हा छापून त्यावर अंगठा फिरवला.

मामा: त्यांनी घेतल्या नाहीत ना?

भाची: नाही. पण ते तीन वर्षं घेतायत म्हणून त्यांना कळलं. ज्याने आज पहिल्यांदाच औषध नेलंय त्याला कसं कळणार?

मामा: बाजूला हो. बघू दे मला.

भाची: गरम असेल. थंड होऊ द्या थोडं.

मामा: थंड व्हायला पाऊण तास लागतो याला. आहे तुझ्याकडे पाऊण तास? हे दार असं वर, हा खटका दाबायचा, आणि हा तापणारा भाग, फ्यूजर, बाहेर... आई गं!

भाची: भाजलं?

मामा: भाजू दे. टेबल रिकामं कर. आणि तो दिवा इकडे घे, जवळ, अजून जवळ.

भाची: यानेच झालंय का ते? टोनर संपत आला असेल, मला आधी तसंच वाटलं होतं.

मामा: टोनर संपला तर अक्षर फिकं येतं, पुसून जात नाही. ऐक. मशीन कागदावर काय करतं, तर बारीक पावडर, हाच टोनर, भुरभुरवतं. रांगोळीसारखी. फुंकर मारलीस तर उडून जाईल अशी. मग तो कागद या बेल्टखालून जातो. बेल्ट तापलेला असतो, खालून रूळ दाबतो. इस्त्री झाली की पावडर वितळून कागदाला धरते. या बेल्टने धरलं तर छापलं, नाहीतर नुसती धूळ.

भाची: मग आज धूळच छापलीय मी?

मामा: सगळी नाही. हे बघ, इथे. उजव्या कडेपासून चार बोटं आत. दिसतेय रेघ? गोल, पूर्ण बेल्टभर.

भाची: केसाएवढी आहे.

मामा: केसाएवढीच. पण या रेघेत बेल्ट कागदाला टेकतच नाही. तिथली पावडर कच्ची राहते. अक्षराला केसाएवढी भेग पडली तर अक्षर वाचता येतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. टिंब मात्र अख्खंच जातं.

भाची: आणि टिंब बरोबर तिथेच येतं. लेबलाचा नमुनाच तसा आहे, मात्रा उजवीकडे.

मामा: हं.

भाची: "हं" काय, मामा? बेल्ट झिजला ना? तुम्ही पंधरा दिवसांपूर्वी बघून गेलात तेव्हा नव्हती रेघ?

मामा: ही झिजण्याची रेघ नाही. झिजलेला बेल्ट सगळीकडून निस्तेज होतो, जुन्या बुटासारखा. ही कापलेली आहे. कुणीतरी पातं टेकवून ठेवलंय आणि बेल्ट हाताने फिरवलाय. पूर्ण एक फेरा.

(भाची खुर्चीत बसते.)

मामा: चिमणे.

भाची: नऊ वाजता एक लेबल आत गुंडाळलं गेलं. बेल्टलाच चिकटलं. तुम्हाला फोन केला, तुम्ही म्हणालात संध्याकाळपर्यंत येतो. बाहेर चाळीस माणसांची रांग होती. एक बाई पोटाशी पोर धरून उभी, एकजण काठीवर वाकलेला. मी बाटल्यांची सीलं कापायचं पातं घेतलं आणि... निघालं ते लेबल, मामा. छान निघालं. मशीन चालू झालं. मला वाटलं, जमलं की आपल्याला.

मामा: फोनवर मी काय म्हणालो होतो? हात लावू नकोस.

भाची: म्हणाला होतात.

मामा: त्या बेल्टची कातडी आपल्या पापणीएवढी असते गं. तिला नख लागलं तरी...

भाची: मला माहीत नव्हतं! तुम्ही आत्ता रागवा, नाहीतर उद्या रागवा, पण आत्ता मला सांगा, किती लेबलं खराब झाली? नऊपासून सव्वातीनपर्यंत सहा पानं छापलीत. एका पानावर चोवीस. एकशे चव्वेचाळीस माणसं, मामा. मी एकशे चव्वेचाळीस माणसांना कशी शोधू?

मामा: एकशे चव्वेचाळीस नाहीत. थांब, घाबरून गणित होत नाही. एका पानावर लेबलांच्या तीन उभ्या रांगा ना?

भाची: तीन. आठ आठच्या.

मामा: चीर एकाच जागी आहे, ती फक्त उजव्या रांगेवरून जाते. डाव्या आणि मधल्या रांगेचा केसही वाकडा झालेला नाही. म्हणजे पानाला आठ. सहा पानांची अठ्ठेचाळीस. आता त्यातल्या किती जणांच्या मात्रेत टिंब आहे, तेवढं काढ. एक गोळी, दोन गोळ्यावाल्यांना काही धोका नाही. आहे ना सगळं तुझ्या त्या कॉम्प्युटरमध्ये?

भाची: आहे. थांबा. उजवी रांग... तिसरा, सहावा, नववा... हा नाही, हा नाही. हा आहे. हे म्हातारबाबा.

मामा: मोजत जा.

भाची: सात. बाबांना धरून सात.

मामा: म्हणजे उरले सहा. सहा माणसं म्हणजे सहा फोन.

भाची: मामा, मी खिडकीतून प्रत्येकाला तोंडी सांगते. कसं घ्यायचं, किती घ्यायचं. रोज सांगते. पण आज गर्दी इतकी होती की कुणाला सांगितलं, कुणाला नुसती पिशवी सरकवली, काही म्हणजे काही आठवत नाही.

मामा: ते आठवत बसू नकोस. लाव पहिला फोन. आवाज मोठा कर, मीही ऐकतो.

भाची: हॅलो? दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीवरून बोलतेय.

ट्रकवाला: काय झालं? आईचा रिपोर्ट आला का? वाईट आहे का?

भाची: नाही, नाही, रिपोर्ट नाही. सकाळी तुम्ही आईंसाठी गोळ्या नेल्या, त्या कुठे आहेत?

ट्रकवाला: माझ्याजवळच आहेत. गाडीत. घरी जायचोय अजून.

भाची: पाकिटावर किती लिहिलंय, वाचा बरं.

ट्रकवाला: थांबा, गाडी कडेला घेतो... शून्य पाच.

भाची: मध्ये टिंब आहे?

ट्रकवाला: टिंब? आहे. नाही, उडालं. माशी होती.

भाची: अर्धी गोळी आहे ती. अर्धी. पाच नाही. पेन आहे? त्या पाकिटावर अक्षरात लिहा, "अर्धी". लिहिलंत?

ट्रकवाला: लिहिलं. बाई, तुम्ही रडताय का?

भाची: नाही. सर्दी आहे. ठेवते.

मामा: एक. पुढचा.

भाची: याला मी सांगितलं नव्हतं, मामा. आता आठवलं. तो पिशवी घेऊन पळतच गेला होता.

मामा: पुढचा लाव.

भाची: हॅलो? औषधाच्या खिडकीवरून. पहारेकरी आहेत ना हे, रात्रपाळीचे?

पहारेकऱ्याची बायको: मी त्यांची मंडळी. ते झोपलेत. रात्रपाळी करून आले की दुपारी झोपतात.

भाची: वहिनी, आज नेलेल्या गोळ्या त्यांनी घेतल्या का?

बायको: घेतल्या ना. जेवण झाल्यावर. नवीनच दिल्यात डॉक्टरांनी, रक्तदाबाच्या. मी म्हटलं, एवढ्या एकदम कशाला, तर म्हणाले, पाकिटावर पाच लिहिलंय तर पाच. ते कायद्याने चालतात हो.

भाची: त्यांना उठवा.

बायको: आत्ताच डोळा लागलाय बाई.

भाची: उठवा, वहिनी. आत्ता. हलवा त्यांना. जोरात हाक मारा.

बायको: अहो! अहो, उठा! ...अहो! बाई, काय झालंय? तुम्ही मला असं...

भाची: उठले का?

बायको: उठतायत. डोळे उघडले. म्हणतायत खोली फिरतेय. उभे राहतायत...

भाची: उभं राहू देऊ नका! आडवं करा, पायाखाली उशी द्या. दाराची कडी काढून ठेवा. मी आमची गाडी पाठवते. तुमचा पत्ता आहे माझ्याकडे. दहा मिनिटं. त्यांच्याशी बोलत राहा, काहीही बोला, भांडा हवं तर.

बायको: माझंच चुकलं का बाई? पाणी जास्त दिलं का मी?

भाची: तुमचं काही चुकलेलं नाही. माझं चुकलंय. तुम्ही फक्त बोलत राहा.

मामा: बस. पाणी पी.

भाची: बसायला वेळ नाही. तातडीच्या विभागात सांगून येते, गाडी काढायला लावते. आणि मोठ्या डॉक्टरांनाही सांगते.

मामा: काय सांगणार आहेस त्यांना?

भाची: सगळं. पात्यासकट.

मामा: विचार कर. पोट आहे, घर आहे. आधी सहाही माणसं सापडू देत, मग बेल्टचं काय बोलायचं ते...

भाची: मामा, तो माणूस पाच गोळ्या घेऊन झोपला होता. त्याच्या डॉक्टरला खरं कळायला नको? आलेच मी. तोवर तुम्ही पुढचे दोन नंबर लावा. तुम्हाला माणसांशी बोलता येतं. टिंब आहे का विचारा, आणि अक्षरात लिहून घ्या.

मामा: लावतो. जा, पळ.

(भाची जाते आणि थोड्या वेळाने परत येते.)

भाची: काय झालं? लागले?

मामा: लागले. एकाने उघडलंच नव्हतं पाकीट. दुसरीने लिहून घेतलं आणि मला दोन शिव्या दिल्या. मी घेतल्या. तिसराही लावला, तुझ्या यादीतला पाचवा, शिंपीदादा. त्यांना तू तोंडी सांगितलं होतंस म्हणे. तुझं नाव काढलं, "ती बारीकशी बाई, दोनदा सांगते." तिकडे काय?

भाची: गाडी निघाली. मोठ्या डॉक्टरांना पात्यासकट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आधी सगळ्यांना गाठा. नंतर या." सहावा लावलात?

मामा: लावला. तीनदा.

भाची: आणि?

मामा: बंद आहे.

भाची: कोण आहे सहावा? दाखवा... नाही. नाही, नाही, नाही.

मामा: कोण आहे?

भाची: तीन महिन्यांचं बाळ आहे, मामा. हृदयाचं औषध. आजच सुरू केलंय. अर्धा मिली, दिवसातून तीनदा. दसपट म्हणजे... मोठ्या माणसालाही झेपायचं नाही ते.

मामा: औषध कोणी नेलं?

भाची: आजी आल्या होत्या. नंबर बाळाच्या आईचा दिसतोय.

मामा: डोस कधी?

भाची: सकाळचा बाळाला इथेच डॉक्टरांनी दिला. दुपारचा चारला.

मामा: चारला पंचवीस कमी आहेत. पत्ता?

भाची: पाण्याच्या टाकीमागची गल्ली, दुसरं वळण, निळं दार.

मामा: माझी स्कूटर खालीच आहे. चल.

भाची: खिडकी?

मामा: खिडकी उघडी राहिली तर राहिली. शेजारच्या खोलीतली सिस्टर बसेल ना? सांग तिला, मशीनला हात लावायचा नाही, लेबलं हाताने लिहायची.

भाची: नवीन पेन घेते. जाड. आणि कोरी लेबलं.

मामा: घट्ट धर. रस्ता उखडलेला आहे.

भाची: तुम्ही फक्त चालवा. डावीकडून घ्या, तिकडे सिग्नल नाही. मामा, ते बाळ सकाळी मी बघितलं होतं. आजीने खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलं होतं. माझं बोट धरलं होतं त्याने.

मामा: बोलू नकोस असं.

भाची: धरलेलं बोट आठवतं आणि त्यांना काय सांगितलं ते आठवत नाही. असं कसं डोकं असतं माणसाचं?

मामा: चिमणे, मला एक सांगायचंय. नाही, आत्ताच सांगतो, समोर बघत सांगता येतंय तोवर. पंधरा दिवसांपूर्वी मी आलो होतो ना?

भाची: हो.

मामा: तेव्हाच त्या बेल्टची चकाकी गेली होती. बोट फिरवल्यावर चिकट लागलं मला. असा बेल्ट कागद धरायला लागतो, लेबल गुंडाळून घेतो. बदलायलाच हवा होता. माझ्या पिशवीत नवा बेल्ट होता, चिमणे. कोरा, खोक्यात.

भाची: मग?

मामा: जाहिराती छापणाऱ्या एका गिऱ्हाइकाने सकाळपासून डोकं खाल्लं होतं. म्हटलं, तुझ्याकडे काय, चार लेबलं छापायची, महिनाभर चालेल. तुझ्याकडचं घरचं काम. तू काही बोलणार नाहीस. त्याला देऊन टाकला.

भाची: म्हणजे तो बदलला असता तर सकाळी लेबल गुंडाळलंच गेलं नसतं.

मामा: नसतं.

भाची: आणि मघाशी मला म्हणालात, हात का लावलास.

मामा: म्हणालो. तुझ्यावर ओरडलो म्हणजे आपल्याला आपला आतला आवाज ऐकू येत नाही. तू डॉक्टरांना सांगशील तेव्हा माझंही सांग.

भाची: तुमचं तुम्ही सांगा. मी माझंच कसंबसं सांगितलंय.

मामा: सांगीन. आज संध्याकाळीच सांगीन.

भाची: उजवीकडे, उजवीकडे! टाकी आली. थांबा, फोन वाजतोय. सिस्टरचा. हं, बोला... पोचले? शुद्धीवर आहेत? ...बरं. बरं. हो, आम्ही गल्लीतच आहोत.

मामा: पहारेकरी?

भाची: पोचले. दाब खूप खाली गेलाय, सलाईन लावलंय. बोलतायत. डॉक्टर म्हणाले रात्रभर नजरेखाली ठेवू, पण वेळेत आणलं. मामा, ते निळं दार.

मामा: किती वाजले?

भाची: चारला पाच कमी. आजी! आजी, दार उघडा! मी औषधाच्या खिडकीवरची!

आजी: अगं हो, हो, दार मोडशील. पोर आत्ताच निजलंय. कोण तू? अगंबाई, खिडकीतली बाई! पाय असतात होय तुला?

भाची: आजी, औषध दिलं का बाळाला?

आजी: दिलं की. साडेतीनलाच दिलं. जरा किरकिरत होतं, म्हटलं अर्धा तास आधी दिलं म्हणून काय बिघडतंय. घेतलं आणि बघ, गाढ झोपलं.

भाची: कुठेय? कुठेय बाळ?

आजी: हा काय पलंगावर. अगं, उचलू नकोस, उठेल!

भाची: उठू दे. बाळा... ए राजा... मामा, हात गार लागतोय. मला माझेच हात गार आहेत की याचे, कळत नाहीये.

मामा: छातीवर कान ठेव. शांतपणे. मोज.

आजी: काय झालंय? अहो पाव्हणं, ही असं का करतेय? काय झालंय माझ्या पोराला?

मामा: आजी, किती औषध दिलंत? घाबरू नका, नीट आठवून सांगा.

आजी: दिलं ते. जेवढं द्यायचं तेवढं.

मामा: किती? बाटलीवर लिहिलंय तेवढं?

आजी: मला कुठलं वाचता येतंय? मी शाळेचं दारसुद्धा बघितलेलं नाही. हिनेच सांगितलं की सकाळी. पिचकारी हातात धरून दाखवली, ह्या बारीक पिचकारीच्या अर्ध्यापर्यंत, त्याच्यावर एक थेंब नाही. माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मागचे लोक ओरडत होते तरी सोडेना. मी मनात म्हटलं, काय चिवट बाई आहे.

भाची: अर्ध्यापर्यंत? आजी, अर्धीच पिचकारी? एकदाच?

आजी: एकदाच गं. शपथेवर सांगू का?

मामा: ठोके?

भाची: आहेत. नीट आहेत. सरळ चाललेत, मामा. डोळे उघडतोय.

आजी: उठवलंस ना शेवटी! आता बघ कसं घर डोक्यावर घेतो ते. आण इकडे. ओ ओ ओ, नाही हां, नाही...

भाची: रडू दे, आजी. थोडं रडू दे त्याला. मला ऐकू दे.

मामा: खाली बस तू. तिथे, उंबऱ्यावर. मी बाटली बघतो. कुठेय, आजी?

आजी: फळीवर. पण मला सांगाल का कुणी, झालंय काय?

भाची: लेबल चुकलंय, आजी. आमच्या मशीनने चुकीचं छापलं. मीच मशीन बिघडवलं आणि मीच ते लेबल तुम्हाला चिकटवून दिलं. तुम्ही ऐकल्याप्रमाणे दिलंत म्हणून बरं झालं.

मामा: हे बघ. शून्य पाच. टिंबाचा मागमूस नाही.

भाची: पेन द्या. आधी ते खरवडून काढा. आता हे नवीन लावते. "अर्धा मिली. पिचकारी अर्धी." सगळं अक्षरात. आकडा एकही नको.

मामा: मी लिहू?

भाची: नको. मीच लिहिणार. आजी, आज बाळाला घेऊन दवाखान्यात चला आमच्याबरोबर. औषध बरोबरच गेलंय, पण डॉक्टरांनी एकदा बघितलेलं बरं. बाळाच्या आईला कळवायला हवं, पण त्यांचा फोन बंद येतोय.

आजी: येणारच. कारखान्यात आत जाताना फोन कुलपात ठेवून घेतात. सहाला सुटते. तिलाच सांग तू हे सगळं, मला काय कळतंय त्यातलं.

भाची: सांगते. कारखान्याच्या फाटकावर निरोप ठेवते. सहा वाजता मी स्वतः भेटते त्यांना. आता पुढचा डोस रात्री आठला. विसरणार नाही ना?

आजी: रात्रीचं माझ्याकडे नाही गं. रात्रीचं माझी लेक देणार. तिचं काही चुकत नाही, शिकलेली आहे ती. सकाळी जातानाच मला म्हणाली, आई, तू आपली सगळी औषधं अंदाजाने देतेस, आजचं नवीन मी आले की बाटलीवर लिहिलंय ते वाचून देत जाईन.